अठ्ठेचाळिसावी खोली

भाचीला जुळ्या मुली झाल्या त्या वर्षी साखळ्याने आपल्या दाजींशी बोलणं टाकलं. जुळ्यांची बातमी सगळ्या गल्लीला कळली, पण भांडण कशावरून झालं ते कोणाला धड सांगता येईना, कारण सांगायला गेलं की ऐकणारा आधी हसायचा. भांडण एका खोलीवरून होतं. ती खोली त्यांच्या घरात नव्हती, गल्लीतही नव्हती. ती होती जमिनीखाली चार तळ खोल एका भुयारात, आणि ते भुयार होतं साखळ्याच्या डोक्यात.

साखळ्या हे नाव त्याला कामावरून पडलं. मोजणी खात्यात त्याने छत्तीस वर्षं साखळी धरली. मोजणीदार दुर्बिणीला डोळा लावून आकडे लिहायचा आणि हा काट्याकुट्यांतून, चिखलातून लोखंडी साखळी ओढत पुढे जायचा. लिहायला-वाचायला येत नव्हतं. पण एकदा पायाखालून गेलेली जमीन तो विसरत नसे. कुठल्या टेकडीवर किती पावलांवर दगड पुरलाय, हे वीस वर्षांनीही तो झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचा. मग गुडघा कामातून गेला, नोकरी सुटली, आणि बायको नाही, पोर नाही, म्हणून तो थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, राहायला आला.

अक्काचे यजमान, म्हणजे दाजी, जुळारी होते, छपाईची अक्षरं जुळवायचे. खाली छापखाना, वर तीन खोल्या. छापखान्यात भिंतीला लागून शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे सुट्या अक्षरांनी, भरलेल्या खानेदार पेट्या, मधे एक जुनं यंत्र आणि सगळीकडे शाईचा वास. तो वास जिन्यावरून वर चढायचा आणि अंथरुणापर्यंत जायचा.

खेळाची सुरुवात एका रविवारी दुपारी झाली. साखळ्या एका पडक्या किल्ल्याखालच्या विवराबद्दल सांगत होता. तेव्हा भाची कॉलेजात होती. ती मधेच म्हणाली, "मामा, मी उजवीकडे गेलेच नाही. मी सरळ खाली उतरले. मग?"

"मग पाय घसरेल तुझा."

"कशावरून? माझा नाहीच घसरणार."

दाजींनी फडताळातून एक फासा काढून तिच्यापुढे ठेवला. "टाक. तीनच्या वर पडलं तर नाही घसरत."

एक पडला. भाचीचा पाय घसरला, आणि घरच्यांचे पुढच्या नऊ वर्षांचे रविवार त्या विवरात गेले.

पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. साखळ्या सांगायचा की समोर काय आहे, आणि बाकीचे सांगायचे की आपण काय करतो. जिथे शंका, तिथे फासा. अक्का कुलूपतोडी झाली, भाची जादूगारीण, आणि दाजी कायम मशालजी. मशालजी मेला की दाजी दुसरा मशालजी घेऊन यायचे, पहिल्याचा धाकटा भाऊ म्हणून. एकेका मशालजीला दाजींनी इतके भाऊ दिले की अक्का म्हणायची, "ह्यांच्या मशालजीच्या आईला कोणी तरी आवरा."

साखळ्याचं भुयार पक्कं होतं. तो मनाला येईल तसं काही सांगायचा नाही. प्रत्येक तळ त्याने डोक्यात साखळीने मोजून ठेवला होता: पहिला तळ एकोणतीस खोल्या, दुसरा तेहतीस, तिसरा अठ्ठावीस, चौथा सत्तेचाळीस. तीन वर्षांपूर्वी ज्या कोनाड्यात आंधळा शिपाई बसला होता, त्याच कोनाड्यात त्याची हाडं सापडायची. कोणी रडलं म्हणून राक्षस हलका झाला नाही, आणि कोणी चिडलं म्हणून जडही झाला नाही. फासे सगळ्यांसमोर पडायचे.

नियम मात्र दाजींनी लिहिले. खेळता खेळता जे ठरे ते ते एका लांबट वहीत टिपायचे. मशाल सहा घटका टिकते. भिंत तपासायला एक घटका लागते, आणि प्रत्येक घटकेला खेळवणाऱ्याने फासा टाकायचा. एक पडला तर अंधारातून काहीतरी येतं. मेलेला मेला. अशी कलमं वाढत गेली. अठरावं कलम साखळ्याने स्वतः सांगितलं होतं आणि त्याच्यावर त्याचा फार जीव: नकाशा खेळाडूंनी काढायचा; खेळवणाऱ्याने तो कधीही दुरुस्त करायचा नाही.

ती वही आपल्याला वाचता आली पाहिजे म्हणून साखळ्या पंचावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकला. शिकवली दाजींनीच, खिळे हातात देऊन. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे पहिले सहा महिने साखळ्याला खिळे वाचता यायचे आणि कागद वाचता यायचा नाही. दाजी हसून हसून खोकायचे. पण शिकला.

पुढे दाजींच्या ओळखीतली माणसं येऊन खेळ बघून गेली. दोन-तीन घरांत तसलाच खेळ सुरू झाला, आणि जो तो वही मागायला लागला. तेव्हा ठरलं की पुस्तकच छापायचं: अर्ध्यात नियम, अर्ध्यात भुयार. दाजी खिळे जुळवायला बसले, आणि साखळ्या त्यांच्याशेजारी स्टुलावर बसून एकेक खोली सांगायला लागला. असा आनंद त्याला उभ्या जन्मात झाला नव्हता. त्याच्या हातून मोजलेली एक तरी गोष्ट जशीच्या तशी कागदावर उतरणार होती.

ह्यामागे एक जुनं शल्य होतं, आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं. नोकरीत असताना एका म्हातारीची विहीर शेजारच्या बड्या माणसाच्या हद्दीत दाखवली गेली होती. साखळी साखळ्याने धरली होती. विहीर चार साखळ्या अलीकडे होती हे त्याच्या पायांना पक्कं ठाऊक होतं. मोजणीदाराने कागद पुढे केला, म्हणाला, "अंगठा लाव." आणि साखळ्याने लावला. त्या अंगठ्याची आठवण आली की तो अजूनही ताटावरून उठायचा.

तर पुस्तक. तीन तळ छापून झाले. चौथा तळ दाजींनी जुळवायला घेतला, आणि त्याच आठवड्यात साखळ्याचा गुडघा असा सुजला की त्याला जिना उतरता येईना. तो वरूनच सांगायचा, दाजी कागदावर घ्यायचे आणि खाली जायचे. नकाशाचं विचारलं की साखळ्या म्हणायचा, "गुडघा उतरू द्या, सांगतो सावकाश." गुडघा उतरायला तीन आठवडे लागले.

एका बुधवारी सकाळी तो कठड्याला धरून खाली गेला. दाजी वर चहाला आले होते. छापखान्यात दोरीवर चौथ्या तळाची प्रूफं वाळत होती. साखळ्याने चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला लागला. खोली एकेचाळीस, मिठाची कोठी. बरोबर. खोली शेहेचाळीस, बुडालेल्या पायऱ्या. बरोबर. खोली सत्तेचाळीस, गळकी ओवरी. बरोबर. त्याखाली रिकामी जागा हवी होती.

त्याखाली लिहिलं होतं: खोली अठ्ठेचाळीस.

त्याला वाटलं आपल्याला वाचता येत नाही. त्याने बोट मागे नेलं, पुन्हा आणलं. विहिरीच्या खोलीच्या उत्तर भिंतीत, जमिनीपासून तीन हातांवर, एक सैल दगड आहे. तो दाबला असता भिंत फिरते. आत बारा पावलं लांब, बारा पावलं रुंद खोली. मधे दगडी पेटी, आणि पेटीत कधीही न विझणारी दिवटी.

शेजारच्या दोरीवर नकाशा होता. भाचीच्या हातचा, ठसा करून छापलेला. साखळ्याने तो पाहिला, आणि त्याच्या कानशिलात आग पेटली. चौथ्या तळाची सगळी पूर्वेकडची बाजू पश्चिमेला होती.

गुडघा विसरून तो जिना चढला. हातात ओलं प्रूफ.

"दाजी, ही अठ्ठेचाळीस नंबरची कुठून आली?"

दाजी बशीत चहा ओतत होते. "वाचलंस होय? मला वाटलं तू चाळिसाव्या खोलीला पोचशील तोवर पुस्तक बांधूनसुद्धा होईल."

"मी विचारतोय कुठून आली!"

"ओरडू नकोस, मुली झोपल्यात," अक्का म्हणाली. एक नात तिच्या मांडीवर होती, दुसरी पाळण्यात. भाची खिडकीशी शाळेचे पेपर तपासत बसली होती. ती भूमिती शिकवायची. बाळंतपणाची रजा चालू होती, पण पेपर घरी यायचे थांबले नव्हते.

"हे बघ," दाजी म्हणाले, "ती खोली तिथे आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. नकाशात चारी बाजूंनी वाट फिरते आणि मधे बारा बाय बारा कोरी जागा राहते. आंधळ्यालाही कळेल की आत काही तरी आहे. सहा वर्षं आम्ही ती भिंत ठोकतोय. माझे तीन मशालजी तिथे मेले, अक्काची कुलूपतोडी दोनदा मेली. आणि तू तोंड उघडायला तयार नाहीस. मरेपर्यंत सांगणार नव्हतास. पुस्तकात कोरी जागा कशी सोडू? मी भरली. तुझ्या मनात आत दुसरं काही असेल तर सांग, ते घालतो. हट्ट नाही माझा."

"आत काही नाही."

"रिकामी खोली? सहा वर्षांनी रिकामी खोली? कमाल आहे तुझी."

"रिकामी नाही. खोलीच नाही. तिथे दगड आहे. ती जागाच नाही, दाजी! तो नकाशा चुकलाय!"

खिडकीशी पेन थांबलं.

साखळ्याच्या तोंडून निघून गेलं होतं, आणि आता मागे घेता येत नव्हतं. भाची उठली, आतून आपला नकाशा घेऊन आली. नऊ वर्षांत चिकटवून चिकटवून चादरीएवढा झालेला. तिने तो जमिनीवर पसरला.

"कुठे चुकलाय?"

"जाऊ दे गं."

"मामा, कुठे?"

साखळ्याने काठीने दाखवलं. "तिसऱ्या वर्षी. ती चावरी दातपाखरं मागे लागली होती, दिवटी विझली होती. तुम्ही ढाली पुढे धरून मागे मागे सरकत होतात. मी म्हणालो, उजव्या हाताला फट आहे. तुम्ही फटीत शिरलात."

भाची नकाशाकडे बघत राहिली. मग उभी राहिली, तोंड दाराकडे केलं, आणि दोन पावलं उलटी चालली. उजवा हात वर केला. उलटी चालताना तिचा उजवा हात जिकडे होता, तिकडे तिने फट काढलीच नव्हती. सरळ चालणाऱ्याच्या उजवीकडे काढली होती.

"मी चालण्याच्या दिशेने धरलं," ती हळू म्हणाली. "म्हणजे पुढचं सगळं उलटं. सगळी बाजू." आणि मग, "तुला केव्हा कळलं?"

साखळ्या काठीने नकाशाची कड सारखी करायला लागला.

"त्याच दिवशी कळलं ना? कागद तुझ्या नाकासमोर होता."

"अठरावं कलम आहे," साखळ्या म्हणाला.

"खड्ड्यात गेलं कलम! सहा वर्षं, मामा! मी रोज चाळीस पोरांना कोन मोजायला शिकवते आणि घरी येऊन नसलेली भिंत ठोकते. मी सुट्टीत बसून त्या कोऱ्या जागेचं क्षेत्रफळ काढलंय. तुला दाखवलं होतं! तू काय म्हणालास, आठवतंय? 'छान काढलंयस' म्हणालास!"

"कोणी विचारलं नाही. एकदा तरी विचारायचं, मामा, आमचं तोंड कुठे आहे. मी सांगितलं असतं. मी खोटं कधी बोललो नाही."

"आणि गालात हसायचास ते?"

"मी हसत नव्हतो."

"हसत होतास," अक्का म्हणाली. मांडीवरची नात थोपटणं तिने थांबवलं नव्हतं. "मी बघायची. मला वाटायचं, आम्ही सगळे बसलोय म्हणून बरं वाटतंय ह्याला."

साखळ्याला हे सोसलं नाही. बहिणीला काही बोलता येईना म्हणून तो दाजींवर उलटला. "तुम्ही माझ्या मागे खोली बांधलीत! मी वर पाय धरून पडलोय आणि तुम्ही खाली माझ्या दगडात दार पाडताय! आणि माझ्याच नावावर! जी अक्षरं मला हात धरून शिकवलीत त्याच अक्षरांनी! तुमच्यात आणि त्या विहीर हलवणाऱ्यात फरक काय राहिला?"

दाजींनी बशी खाली ठेवली. ते एरवी चिडणारे गृहस्थ नव्हते, म्हणून त्यांचा आवाज चढला तेव्हा पाळण्यातली जागी झाली.

"फरक मी सांगतो. त्या मोजणीदाराला ठाऊक होतं की विहीर कुठे आहे. मला ठाऊक नव्हतं, मला वाटलं ही खोली आहेच. ज्याला ठाऊक होतं तो गप्प बसला होता. तू तिथेही गप्प बसलास, साखळ्या, आणि इथेही गप्पच बसलास. तिथे निदान साहेबाची भीती होती. इथे कोणाची होती? तुझ्या भाचीची?"

पाळण्यातली पोर रडायला लागली. साखळ्याने हातातल्या प्रूफाचे दोन तुकडे केले, चार केले, ते नकाशावर टाकले आणि आपल्या खोलीत जाऊन कडी लावली.

तीन दिवस तो कोणाशी बोलला नाही. अक्का दाराबाहेर ताट ठेवायची. पहिल्या दिवशी त्याचा सगळा राग दाजींवर होता. जुळवलेल्या पानांचा फर्मा बांधून झालाय, आता त्यातून काही काढता येणार नाही, असं दाजी खाली कोणाला तरी सांगत होते, तेही त्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी राग भाचीवर आला, की एवढी शिकलेली आणि पाठ कुठे, पोट कुठे हे कळू नये. तिसऱ्या दिवशी राग करायला दुसरं कोणी उरलं नाही. तेव्हा तो कडी काढून बाहेर आला.

"कागद घे," तो भाचीला म्हणाला. आवाज अजून कडकच होता.

"कशाला?"

"चौथा तळ पहिल्यापासून सांगतो. नीट काढ."

"मी नाही काढणार. दुसरं कोणी बघ. उलट्या-सुलट्याची अक्कल असलेलं."

"दुसऱ्या कोणाला येतंय? मला चौकोन काढता येत नाही, तुझ्या बापाला येत नाही. ती बाजू पश्चिमेला छापली गेली तर मी जिवंतपणी मेलो. काढ म्हणतोय ना!"

"ही विनंती आहे का?"

"आहे."

"विनंती अशी करतात?"

"मला एवढीच येते."

भाचीने एक पोर त्याच्या हातात कोंबलं आणि कागद काढला.

चार सकाळी लागल्या. साखळ्या नात खांद्यावर टाकून येरझारा घालायचा आणि पावलं मोजायचा, भाची आखायची. आणि ह्या खेपेस तो तिच्या पाठीशी उभा राहून बघायचा. "थांब. सात नाही, नऊ." "पुसून टाक ते." "अगं डावीकडे, डावीकडे, तोंड खाली आहे तुमचं!" तिने एकदाही मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पट्टी आपटून म्हणाली, "आधी सांग, कुठे तोंड. मग सांग, कुठला हात. दर वेळी."

"दर वेळी?"

"दर वेळी. आणि हे पुस्तकात गेलं पाहिजे. खेळाडूंनी विचारलं नाही तरी खेळवणाऱ्याने आधी तोंड सांगायचं, मग हात. नाहीतर ही पट्टी आणि हा कागद, तूच काढ."

साखळ्या धुसफुसला. आमच्या वेळी असं नव्हतं, असं काही तरी पुटपुटला. भाची म्हणाली, "तुमची वेळ गेल्याच बुधवारपर्यंत होती." शेवटी त्याने मान हलवली. ते एकतिसावं कलम झालं.

नकाशा पुरा झाला तेव्हा अक्काने तो खाली नेला. नवऱ्यापुढे ठेवला. विहिरीच्या खोलीची उत्तर भिंत होती, आणि तिच्या पलीकडे साधा डोंगर. वाट चारी बाजूंनी फिरत नव्हती. ती पूर्वेला नदीच्या पोटाखालून निघून गेली होती, आणि तिकडे नऊ खोल्या होत्या ज्यांच्या दिशेने हे लोक सहा वर्षांत एकदाही गेले नव्हते, कारण सगळा वेळ भिंत ठोकण्यात गेला. बारा बाय बारा बसवायला बोटभरही जागा नव्हती.

दाजींनी नकाशा बराच वेळ पाहिला. "म्हणजे माझे तिघं," ते म्हणाले, "नुसत्या भिंतीला टेकून मेले."

"अहो, खेळातले ना ते," अक्का म्हणाली.

"तू दोनदा मेलीस ते विसरलीस."

"मी नाही विसरले. मी फक्त तुमच्यासारखी सुतकात बसले नाही."

त्यांनी फर्मा आवळून धरणाऱ्या कळा सैल केल्या. अठ्ठेचाळिसाव्या खोलीच्या अकरा ओळी काढल्या आणि खिळे सुटे करून पेटीत टाकायला लागले. पन्नास वर्षं हे काम केलेला माणूस, न बघता एकेक अक्षर आपापल्या खान्यात टाकायचा. त्या दिवशी त्यांनी मुठीच्या मुठी फेकल्या. कुठला खिळा कुठे गेला ते पाहिलं नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी एकतिसावं कलम जुळवायला घेतलं तेव्हा प्रूफ असं आलं की ते वाचून भाचीने विचारलं, हा राक्षसांचा मंत्र आहे का. दाजींना अख्खी पेटी ओतून दोन दिवस खिळे निवडत बसावं लागलं. शिव्या देत निवडले. शिव्या साखळ्याला होत्या, आणि तो वर ऐकत होता.

दोघं एकमेकांशी बोलत मात्र नव्हते. दाजींचं म्हणणं, सहा वर्षं घरच्या माणसांना भिंतीवर डोकं आपटू देणाऱ्याशी काय बोलायचं. साखळ्याचं म्हणणं, आधी त्यांनी कबूल करावं की विचारल्यावाचून दुसऱ्याच्या भुयारात खोली पाडणं ही चोरी आहे. रविवार आला की दाजी खाली जाऊन यंत्राला तेल घालत बसायचे. खेळ बंद पडला. अक्का निरोप्या झाली. "त्याला सांग, ओवरीला वेलांटी पहिली की दुसरी विचारलंय." "त्यांना सांग, पन्नास वर्षं जुळारी आहेत आणि मला विचारतायत." तिसऱ्या दिवशी अक्का भडकली. "मी काही पोस्ट नाही. एकमेकांकडे पाठ करून बसा, पण पाठीला पाठ लावून बसा, म्हणजे मला जिना तरी चढायला नको."

पुस्तक बांधून आलं. तीनशे प्रती, करड्या पुठ्ठ्याच्या. दाजींनी एक प्रत अक्काबरोबर वर पाठवली. साखळ्याने चष्मा पुसला, हात धुतले आणि पहिल्या पानापासून बोट ठेवून वाचायला बसला. चौथ्या तळापर्यंत पोचायला त्याला सहा दिवस लागले. सत्तेचाळीस खोल्या. नकाशा पूर्वेला. एक पाऊल इकडचं तिकडे नव्हतं. तो बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसला.

मग त्याने पुन्हा पुढचं पान उघडलं, जिथे पुस्तक कोणाचं ते लिहिलेलं असतं. घाईत ते त्याने सोडलं होतं. वर मोठ्या ठशात त्याचं नाव होतं: खेळ रचणारा. मधे भाचीचं: नकाशे. आणि अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात: खिळेजुळणी, आणि पुढे दाजींचं नाव. नियमांचं कुठे काही नव्हतं.

तो ताडकन उठला. जिन्याच्या तोंडाशी जाऊन, कठडा धरून, अडीच महिन्यांनी पहिल्यांदा खाली ओरडला, "दाजी! एकतीस कलमं कोणी लिहिली? माझ्या बापाने?"

खाली यंत्र थांबलं. खालून आवाज आला. "जे तुझं ते तुझं. मी काही आत घुसवलं असं व्हायला नको परत."

"ही टोमणे मारायची जागा आहे? तीनशे पुस्तकांत? मशाल सहा घटका टिकते हे कोणाच्या डोक्यातून आलं? मेलेला मेला, हे कोणी लिहिलं?"

"पान छापून झालंय. फर्मा सुटलाय. आता ओरडून काय होणार?"

"चिठ्ठी छापा आणि डकवा त्यावर!"

"मला वेळ नाही. तूच छाप. येतात ना आता अक्षरं?"

"येतात! छापतोच!"

आणि त्याच दुखऱ्या पायाने, एकेक पायरी बसून, तो खाली उतरला. दाजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. फक्त खिळे धरायची लोखंडी पट्टी आणि चिमटा टेबलावरून त्याच्या बाजूला सरकवला, आणि आपल्या कामाला लागले. साखळ्या पेटीसमोर बसला. पाच शब्द जुळवायचे होते: नियम, आणि दाजींचं पूर्ण नाव, आणि त्यापुढे 'यांचे'. बोटं जाड, खिळे बारीक. दोनदा पट्टी हातातून निसटली आणि सगळं जमिनीवर विखुरलं. दाजी उठले नाहीत, आणि साखळ्यानेही मदत मागितली नाही. जेवायच्या वेळेला दोघं वेगवेगळे वर गेले आणि वेगवेगळे खाली आले. असे चार दिवस गेले. रोज सकाळी साखळ्या खाली येऊन बसायचा, रागारागाने अक्षर शोधायचा, आणि दुपारपर्यंत त्याचा एखादा शब्द उभा राहायचा. नाव त्याला चुकवायचं नव्हतं, म्हणून तो प्रत्येक खिळा उजेडाकडे धरून तीन-तीनदा बघायचा.

बुधवारी संध्याकाळी चार शब्द झाले होते. 'यांचे' राहिलं होतं.

गुरुवारी, पुस्तक बांधून आल्यापासून अकराव्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, दाजी छापखान्यात आपल्या स्टुलावर बसल्या जागी वारले. वय सदुसष्ट.